सुतारपक्ष्याचा करार

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यात फोर्ट ब्रॅग नावाचा अवाढव्य लष्करी तळ आहे. विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांचं हे मोठं ठाणं. तिथल्या जंगलातल्या काही पाइन वृक्षांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे रंगवलेले असत. पट्टा दिसला की त्या झाडापासून दोनशे फुटांच्या आत खंदक खणायचा नाही, छावणी टाकायची नाही, अवजड वाहन थांबवायचं नाही. १९९० मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने लष्कराला बजावलं होतं की, तुमच्या सरावामुळे एक पक्षी नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला वाट वाकडी करायला लावणारा हा पक्षी म्हणजे एक सुतारपक्षी. काळा-पांढरा, गालावर पांढरा डाग, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. नराच्या डोळ्यामागे दोन-चार लाल पिसं असतात, तीही सहसा झाकलेली. एवढ्याशा लाल रेघेवरून त्याचं नाव पडलं : रेड-कॉकेडेड वुडपेकर.

हा पक्षी हट्टी आहे. बाकीचे सुतारपक्षी वठलेल्या झाडात ढोली कोरतात, कारण मेलेलं लाकूड मऊ असतं. हा मात्र जिवंत पाइनच निवडतो, आणि तोही म्हातारा. साधारण ऐंशी-शंभर वर्षं उभ्या राहिलेल्या झाडाच्या गाभ्यात एक बुरशी शिरते आणि आतलं लाकूड भुसभुशीत करते. तसं झाड त्याला हवं असतं. तरीही एक ढोली पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बाप कोरतो, मुलगा कोरतो. ढोलीच्या तोंडाभोवती हा पक्षी बारीक बारीक छिद्रं पाडत राहतो आणि त्यांतून राळ वाहती ठेवतो. झाडावर चढून अंडी खाणारा साप त्या चिकट राळेपाशी अडतो. मेलेल्या झाडातून राळ वाहत नाही, म्हणून त्याला जिवंत झाड लागतं. संसारही एकत्र कुटुंबाचा. आधीच्या वर्षांची मुलं, बहुतेक नर, आईबापांजवळच राहतात आणि धाकट्या भावंडांना भरवतात. त्यामुळे या पक्ष्यांची मोजणी जोड्यांत होत नाही, कुटुंबांत होते.

अशा पक्ष्याला जुनं जंगल लागतं. तेच उरलं नव्हतं. लाँगलीफ पाइनचं जंगल एके काळी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलं होतं. जहाजांसाठी राळ आणि डांबर, घरांसाठी लाकूड, मग शेती, मग कागद गिरण्यांसाठी झटपट वाढणाऱ्या दुसऱ्या पाइनची लागवड असं करत करत ते ३० लाख एकरांच्या आसपास येऊन ठेपलं. जे उरलं त्याच्याही मुळावर एक भलतंच संरक्षण आलं. या जंगलाला दर दोन-तीन वर्षांनी जमिनीलगत धावणारी आग लागते. वीज पडून लागणारी आणि मूळ रहिवाशांनी लावलेली ही आग खालचं गवत जाळते, नवं उगवू देते आणि ओकसारख्या झाडोऱ्याला डोकं वर काढू देत नाही. विसाव्या शतकात वनखात्यांनी आग म्हणजे शत्रू असं ठरवलं. आग थांबली, खालून झाडोरा वाढला, ढोलीच्या तोंडापर्यंत पोहोचला, आणि सुतारपक्ष्यांनी ती ठिकाणं सोडून दिली. कोकणातल्या शेतकऱ्याने भाजावळ करायची सोडून दिली तर रोपवाटिकेचं जे होईल, तसंच काहीसं या जंगलाचं झालं.

१९७० मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या केंद्रीय यादीत गेला. तीन वर्षांनी, १९७३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजाती कायद्यावर सही केली. जगातल्या वन्यजीव कायद्यांमध्ये हा कायदा फार कडक मानला जातो, आणि ते योग्यच आहे. यादीतल्या प्राण्याला मारणं गुन्हा आहेच. त्याचं घरटं, खाणं, निवारा उद्ध्वस्त होईल इतका अधिवास मोडणं हाही गुन्हा ठरू शकतो. लाकूडतोडीच्या धंद्यातल्या लोकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा हा अर्थ उचलून धरला.

पण यादीतल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रजातींचा काही ना काही अधिवास खाजगी जमिनीवर आहे. खाजगी जमिनीच्या मालकाने कायदा वाचला आणि त्याला वेगळंच गणित दिसलं. झाडं पन्नास-साठ वर्षांची झाली, अजून वीस वर्षं उभी ठेवली तर सुतारपक्षी येईल. तो आला की आजूबाजूची झाडं तोडता येणार नाहीत. म्हणजे जंगल जपणं हाच धोका. उत्तर कॅरोलिनातल्या एका मालकाची हकिकत त्या काळी देशभर गाजली. त्याच्या सात हजारांहून अधिक एकरांच्या रानापैकी सुमारे दीड हजार एकर या पक्ष्यांमुळे अडकले. उरलेल्या भागात पक्षी पोहोचूच नये म्हणून त्याने तिथली झाडं लवकर तोडायला सुरुवात केली. हा एकट्याचा वेडेपणा नव्हता. डीन ल्युएक आणि जेफ्री मायकेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ ते १९९० या काळातली उत्तर कॅरोलिनाच्या हजाराहून अधिक वनखंडांची माहिती तपासली. जिथे सुतारपक्ष्यांची वस्ती जवळ होती, तिथे झाडं तोडली जाण्याची शक्यता जास्त होती आणि ती कमी वयाची असतानाच तोडली जात होती. २००३ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. ग्रामीण अमेरिकेत तोवर एक म्हण रूढ झालेली होती : गोळी घाला, पुरून टाका, गप्प बसा.

सोलापूर-नगरकडच्या वाचकाला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. १९७९ मध्ये माळढोकसाठी जे अभयारण्य जाहीर झालं, त्याचं क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले : गावं, बाजारपेठा, ऊस, विहिरी, सगळं. माळढोक राहत होता तो माळ यातला अगदी थोडा. उरलेल्या लाखो लोकांच्या वाट्याला आली ती जमिनीच्या व्यवहारांवरची बंधनं. सोलापूरजवळच्या नान्नजचा पक्षी ज्यांनी कधी पाहिलाही नव्हता, त्यांच्या सातबाऱ्यावर तो येऊन बसला. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं गेलं. तोवर पक्ष्याबद्दलची आपुलकी आटली होती आणि पक्षीही. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. माळढोक संपत गेला त्याची कारणं अनेक आहेत. माळांवर आलेली शेती, विजेच्या तारा, मोकाट कुत्री ही त्यांतली मोठी. पण ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो उतरत होता, त्या शेतकऱ्यालाच आपण त्याचा वैरी करून ठेवलं, ही चूक नैसर्गिक नव्हती. ती आपली होती.

अमेरिकेत ही चूक सुधारण्याची पहिली धड खटपट फोर्ट ब्रॅगच्याच कुंपणाबाहेर झाली. तळाभोवतीच्या वालुकामय टेकड्यांच्या प्रदेशाला सँडहिल्स म्हणतात. घोड्यांचे तबेले, गोल्फची मैदानं, पाइनच्या सुया गोळा करून बागांसाठी विकणारे जमीनमालक, असा हा मुलूख. तळावरचे पक्षी टिकायचे तर त्यांना कुंपणाबाहेरही जंगल हवं होतं, आणि बाहेरचे लोक तर पक्ष्याच्या धास्तीने झाडं पाडत होते. एन्व्हायरन्मेंटल डिफेन्स फंड या संस्थेतले वकील मायकेल बीन आणि वन्यजीव खात्यातले अधिकारी यांनी मिळून एक तोड काढली. तिचं नाव सेफ हार्बर, म्हणजे सुरक्षित बंदर. १९९५ मध्ये ती सुरू झाली.

कल्पना साधी आहे, आणि तिची ताकद त्या साधेपणातच आहे. करार करताना जमिनीवर किती सुतारपक्ष्यांची कुटुंबं आहेत ते दोन्ही बाजूंनी मिळून मोजायचं. समजा दोन आहेत. मग दोन ही पायरी ठरली. त्या दोन कुटुंबांना मालक धक्का लावणार नाही. शिवाय तो नियमित आग लावेल, जुनी झाडं राखेल, ढोल्यांची काळजी घेईल. त्याच्या या कामामुळे दोनाची पाच कुटुंबं झाली, तर वरच्या तिघांसाठी त्याच्यावर कायद्याचं नवं ओझं येणार नाही. उद्या त्याला घर बांधायचं असेल, लाकूड विकायचं असेल, तर ठरलेली सूचना देऊन आणि पक्षी हलवायला खात्याला मुदत देऊन तो पुन्हा दोनाच्या पायरीवर येऊ शकतो. पायरीच्या खाली मात्र जायचं नाही. ज्याच्या जमिनीवर करारावेळी एकही पक्षी नव्हता त्याची पायरी शून्य. अशा मालकालाच त्यामुळे सर्वांत मोठा दिलासा मिळाला, कारण कुऱ्हाड तोच परजून बसला होता.

पहिली सही केली ती पाइनहर्स्ट या नामांकित गोल्फ रिसॉर्टने. हे महत्त्वाचं ठरलं. शेजाऱ्याने सही केली आणि त्याच्यावर आभाळ कोसळलं नाही, हे दिसल्यावर बाकीचे पुढे आले. सरकारी पत्रकापेक्षा शेजाऱ्याच्या शब्दाला वजन असतं. हे अमेरिकेतही तसंच आहे. मग दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया, टेक्सास अशी राज्यंच्या राज्यं या योजनेत आली. या एका पक्ष्यासाठी चारशेहून अधिक बिगर-केंद्रीय मालकांची मिळून सुमारे २५ लाख एकर जमीन कराराखाली आली. लष्करही कुंपणाच्या आत बसून राहिलं नाही. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर त्याने तळाभोवतीच्या जमिनींचे विकासहक्क विकत घ्यायला सुरुवात केली. तळाला लागून बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहू नयेत ही सैन्याची गरज होती, आणि तीच सुतारपक्ष्याचीही होती.

करारांना विज्ञानाचीही साथ मिळाली. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर आदळलं आणि फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनातली ढोल्यांची बहुतेक झाडं एका रात्रीत मोडून पडली. निम्म्याहून अधिक पक्षी गेले. शंभर वर्षांची झाडं मागवून आणता येत नाहीत. त्याच सुमारास कॅरोल कोपियन या संशोधिकेने जिवंत झाडात ड्रिलने ढोली पाडण्याची पद्धत बसवली, आणि वनखात्यातल्या डेव्हिड ॲलन यांनी लाकडी पेटीच बुंध्यात बसवण्याची. करवतीने खाच पाडायची, आत ढोलीची तयार पेटी सरकवायची, फटी बुजवायच्या. पक्षी त्यात राहायला आले. जे कोरायला एका कुटुंबाला वर्षं लागतात ते माणसं तासाभरात करू लागली. त्यामुळे करार केलेल्या मालकाच्या पन्नास वर्षांच्या झाडांचाही उपयोग होऊ लागला. ती ऐंशीची होईपर्यंत थांबायची गरज उरली नाही.

२००६ मध्ये फोर्ट ब्रॅग आणि परिसरातल्या पक्ष्यांनी ३५० कुटुंबांचं उद्दिष्ट गाठलं, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. सरावावरची बंधनं सैल होत गेली. देशभराचा हिशोब सांगायचा तर १९७० च्या दशकाच्या अखेरीला १,४७० वस्त्या होत्या. आज अंदाजे ७,८०० आहेत, अकरा राज्यांत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त वर्गातून एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात आला. याचं सगळं श्रेय खाजगी करारांना देणं खोटेपणाचं होईल. मोठी संख्या केंद्रीय वनांत आणि लष्करी तळांवरच वाढली, कारण तिथे कायद्याने वाढवणं भाग होतं. पण त्या बेटांभोवती पसरलेला समुद्र वैराचा राहिला असता तर बेटं एकमेकांना जोडली गेली नसती.

सुतारपक्षी यादीत आधीच होता. पण जो प्राणी अजून यादीत गेलेला नाही, जाण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्याचं काय? १९९९ मध्ये सेफ हार्बरचं धोरण रीतसर जाहीर झालं, तेव्हाच दुसरंही एक धोरण आलं. प्राणी यादीत जाण्याआधीच मालकाने त्याच्यासाठी ठरावीक कामं करायची. त्या बदल्यात सरकार लिहून देणार की, उद्या हा प्राणी यादीत गेलाच तर करारात आहे त्यापलीकडे तुमच्याकडून काही मागणार नाही. ज्याला यादीची भीती वाटते त्याच्या हातात त्या भीतीवरचा उतारा आधीच ठेवायचा, असा हा विचार.

मोंटाना राज्यातल्या बिग होल नदीच्या खोऱ्यात हा प्रयोग २००६ मध्ये सुरू झाला. दहा हजार गंजींचा मुलूख म्हणून हे खोरं ओळखलं जातं. हिवाळा लांबलचक, गुरं भरपूर, म्हणून उन्हाळाभर गवत कापून गंजी लावायच्या. गवताला पाणी नदीचं. आणि त्याच नदीत आर्क्टिक ग्रेलिंग हा पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला देखणा मासा राहतो. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत वाहत्या नदीत राहणारी या माशाची मूळची वस्ती जवळजवळ इथेच उरली आहे. पाणी शेतात गेलं की नदी आटते, तापते आणि मासा मरतो. इथे आदेश काढून काही साधलं नसतं, कारण पाण्याचे हक्क शंभर-सव्वाशे वर्षांचे जुने आणि न्यायालयात टिकणारे. मग राज्याच्या मत्स्यखात्याची माणसं एकेका शेतकऱ्याकडे गेली. प्रत्येकासाठी वेगळा आराखडा झाला. कुणाच्या पाटाला दरवाजा आणि पाणी मोजायची पट्टी, कुणाच्या बंधाऱ्यावर माशांना चढायला शिडी, कुणाच्या गुरांसाठी विहीर, म्हणजे केवळ गुरांना पाजायला हिवाळाभर पाट वाहता ठेवायला नको. काठावर विलोची झाडं, गुरं आत जाऊ नयेत म्हणून कुंपण. तिसाहून अधिक मालक आले. नदी ठरावीक पातळीच्या खाली उतरली की आपापल्या दरवाजाची चाकं फिरवून ते पाणी सोडू लागले. २०१४ मध्ये खात्याने सांगितलं, मासा यादीत घ्यायची गरज नाही. पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या, २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय परत पाठवला, २०२० मध्ये खात्याने पुन्हा तेच सांगितलं. हा वाद सोपा नाही. तापत्या हवामानात तेवढं पाणी पुरेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या खोऱ्यात माशासाठी पाणी सोडणारा माणूस आज तिथला गवतवालाच आहे, आणि वादाने ते पाणी काही थांबलेलं नाही.

सेज ग्राऊजची गोष्ट याहून कितीतरी मोठ्या पटावरची आहे. पश्चिम अमेरिकेच्या करड्या, सुगंधी झुडपांच्या माळावर राहणारा हा कोंबडीएवढा पक्षी. वसंतात पहाटे नर ठरावीक मैदानांवर जमतात, छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवतात आणि नाचतात. माळढोकाचा नाच ज्यांनी पाहिला असेल किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल, त्यांना हा ओळखीचा वाटेल. पक्ष्याचा मुलूख अकरा राज्यांत पसरलेला. तो यादीत गेला असता तर तेल, वायू, गुरं, पवनचक्क्या, सगळ्यांनाच झळ लागली असती. २०१० मध्ये वन्यजीव खात्याने म्हटलं की तो यादीत जायला पात्र आहे, पण आधीची कामं तुंबली आहेत. त्याच वर्षी शेतीखात्याच्या मृदा-जल संवर्धन सेवेने गुरांच्या मालकांना बरोबर घेऊन एक मोहीम हाती घेतली. माळावर जुनिपरची झाडं घुसली होती. शंभर भागांत चार भाग जमीन जरी या झाडांनी व्यापली तरी हे पक्षी नाचाचं मैदान सोडून देतात, असं संशोधनात दिसलं होतं. झाड म्हणजे ससाणा-गरुडांची बसायची जागा, हे पक्ष्याला ठाऊक. मग मालकांनी जुनिपर तोडली. गवत वाढलं, झरे परत वाहिले, गुरांचाही फायदा झाला. पहाटेच्या अंधारात खाली उडणारे पक्षी काटेरी तारांवर आपटून मरत. तारांवर चार बोटं लांबीच्या पांढऱ्या पट्ट्या अडकवल्या. आयडाहोतल्या पाहणीत या स्वस्त उपायाने असे अपघात ८३ टक्क्यांनी घटले. २०१५ पर्यंत १,१२९ गोठेवाले आणि ४४ लाख एकर जमीन या मोहिमेत आली होती. ओरेगनमधल्या हार्नी कौंटीने तर आपल्या मृदा-जल मंडळामार्फत सबंध कौंटीसाठी एकच करार २०१४ मध्ये मंजूर करून घेतला. शेतकऱ्याने खात्याच्या दारात जायचं नाही, आपल्याच मंडळात जाऊन सही करायची. २२ सप्टेंबर २०१५ रोजी अंतर्गत व्यवहार मंत्री सॅली ज्युवेल यांनी जाहीर केलं की पक्षी यादीत घेण्याची गरज उरली नाही.

टाळ्या झाल्या. पण २०२१ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने आकडे मांडले : १९६५ पासून सेज ग्राऊजची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली आहे, आणि २००२ नंतरही ती वेगाने घटतच राहिली आहे. वणवे आणि परदेशी गवत हे शत्रू सहीने अडत नाहीत. शिवाय या पक्ष्याचा निम्म्याहून अधिक मुलूख केंद्र सरकारच्या जमिनीवर आहे आणि तिथले नियम सरकार बदललं की बदलत गेले. संसदेने तर २०१४ च्या अखेरीपासून अर्थसंकल्पातल्या कलमाने या पक्ष्याला यादीत घेण्याचं कामच अडवून धरलं आहे. ज्या यादीच्या धाकाने लोक टेबलाशी बसले, तो धाकच काढून घेतला तर पुढच्या करारावर कुणी कशासाठी सही करील?

धाक आणि नजर, दोन्ही नसले तर काय होतं ते टेक्सासच्या वाळूत दिसलं. पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर बुटक्या ओकच्या झुडपांनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांत ड्यून्स सेजब्रश लिझर्ड नावाची बोटभर पाल राहते, दुसरीकडे कुठेच नाही. खाली पर्मियन खोऱ्याचं तेल. २०१० मध्ये ती यादीत घेण्याचा प्रस्ताव आला. तेल कंपन्या आणि जमीनमालक यांनी घाईघाईने करार केले. जून २०१२ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. टेक्सासमधली योजना राज्याच्या महसूल हिशेबनीसांच्या कार्यालयाने चालवली. सहभागी कोण, कुणाच्या जमिनीवर काय झालं, ही माहिती राज्याच्या कायद्याने गुप्त. बाहेरच्या कुणालाच ताळा करता येईना. मग २०१७ पासून खडक फोडून तेल काढण्यासाठी लागणाऱ्या वाळूच्या खाणी याच टेकड्यांत उघडल्या. या खाणवाल्यांचा विचार योजनेत मुळी झालाच नव्हता. टेकड्याच उपसल्या जाऊ लागल्या. अखेर मे २०२४ मध्ये ही पाल संकटग्रस्तांच्या यादीत गेली, बारा वर्षं उशिरा.

ऐच्छिक संवर्धनाचे भाट हे उदाहरण सांगत नाहीत आणि विरोधक फक्त हेच सांगतात. खरं तर दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. जिथे आधी मोजणी झाली, पायरी ठरली, दरवर्षी कुणीतरी जाऊन पाहिलं आणि पाठीशी कायदा उभा होता, तिथे करार जगला. जिथे मोजणीवर पडदा टाकला तिथे कराराचा कागद झाला. एप्रिल २०२४ मध्ये वन्यजीव खात्याने यादीआधीचे आणि यादीनंतरचे, दोन्ही प्रकारचे करार एकाच नियमावलीत आणले. २०२० पासून मोनार्क फुलपाखरासाठी वीज आणि रस्ते कंपन्यांशी देशव्यापी करार आहे : तारांखालच्या आणि महामार्गाकडेच्या पट्ट्यांत ऋतू पाहून गवत कापायचं, मिल्कवीड राखायचं. डिसेंबर २०२४ मध्ये या फुलपाखराला यादीत घेण्याचा प्रस्ताव आला आहे. त्या कराराची कसोटी आता लागेल.

आपल्याकडे काय आहे? समुद्राकडे पाहिलं तर बरंच काही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या सोबतीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कुणाची जमीन घेतली नाही, कुणाला हुसकलं नाही. पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येऊ लागली, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली, आणि अंडी चोरण्यापेक्षा अंडी राखण्यात गावाचं हित आलं. गुजरातच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये मोरारीबापूंनी व्हेल शार्क म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असं कोळ्यांना सांगितलं. वनखातं फाटलेल्या जाळ्याची भरपाई देऊ लागलं, आणि तेव्हापासून शेकडो मासे जाळी कापून सोडले गेले. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये तशीच योजना आणली. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला, तो जिवंत सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून मोबाइलवर टिपलेलं चित्र पुरतं. चारचौघांत बोलून पटेल असा हा व्यवहार आहे. जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल. ते कापायला सांगायचं तर त्याची किंमत मोजली पाहिजे.

जमिनीवर मात्र आपला कायदा वेगळ्या रस्त्याने जातो. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आली. एखाद्या समाजाने किंवा व्यक्तीने आपली जमीन वन्यजीवांसाठी स्वखुशीने पुढे केली तर सरकार तिला हा दर्जा देऊ शकतं. हेतू चांगला. पण एकदा दर्जा मिळाला की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे आत यायला दार आहे, बाहेर पडायला नाही. इंदापूर-करमाळ्याकडचा शेतकरी पहिल्याच बैठकीत हा प्रश्न विचारील, आणि त्याने विचारलाच पाहिजे. त्याच्या वडिलांनी १९७९ नंतरची तीन दशकं पाहिलेली आहेत.

आणि तिथे राखण्यासारखं अजून पुष्कळ आहे. लांडगे आहेत, काळवीट आहेत, चिंकारा, खोकड, तणमोरासारखे दुर्मीळ झालेले पक्षी आहेत, आणि त्यांतले कित्येक गायरानं आणि खाजगी पडीक माळ यांच्यावरच जगतात. ही पडीक जमीन महसुली कागदावर ओसाड समजली जाते, म्हणून कालव्याचं पाणी आलं की ती पहिली मोडते आणि तिथे ऊस उभा राहतो. दहा एकर माळ पाच वर्षं न नांगरता ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भाड्याइतकी रक्कम, पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत गुरं बाहेर ठेवण्याबद्दल वेगळी, लांडग्याने शेळी मारली तर आठ दिवसांत पैसे, आणि मुदत संपल्यावर जमीन जशी होती तशी परत नांगरण्याचा लेखी हक्क : एवढं एका करारात मावतं. पायरी ठरवण्यासाठी पहिली मोजणी गावातल्या पोरांना आणि धनगरांना बरोबर घेऊन करता येईल. माळावर कोण राहतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. मोजणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दरवर्षी लागले पाहिजेत, नाहीतर टेक्सासच्या वाळूसारखं होईल. आणि सही वनखात्याबरोबर महसूल खात्याचीही हवी, कारण आपल्याकडे सातबाऱ्यावर काय चढेल आणि काय उतरेल ते तलाठी ठरवतो, आणि शेतकऱ्याची झोप त्या कागदाशी बांधलेली असते.